कागदी वाघ, केसाळ वाघ

वाघ काढायला फारसे काही लागत नाही. एक वाटोळे डोके, त्याला दोन कान, गालांवर तीन-तीन मिशा, अंगावर आडवे पट्टे आणि शेवटी झोकात उभारलेली शेपटी. पट्टे विसरले तर त्याचे मांजर होते आणि मिशा विसरल्या तर गाढव होते. पण दोन्ही जागच्या जागी असले म्हणजे घरातल्या कोणत्याही पोराला विचारा, तो वाघच असतो. असा वाघ खुर्चीवर बसतो, छत्री धरतो, वेळप्रसंगी माणसाच्या भाषेत चार शब्द सुनावतो आणि त्याला कोणी पुरावा मागत नाही. कागदी वाघाला सगळे गुन्हे माफ असतात.

हा वाघ या सदरात शिरला तो एका पत्राच्या पाठीवर बसून. (टपाल आता पायाने चालत येत नाही, पण येते.) नाशिकच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांचे चिरंजीव सात वर्षांचे. चित्रे काढण्याचा त्यांना भारी नाद. भिंती, वह्या, वाणसामानाची यादी, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नाही, आणि काढायचे काय, तर वाघ. आईने कौतुकाने त्यांना आधी १९६७ सालचा डिस्नेचा ‘जंगल बुक’ दाखवला. चिरंजीव खूष. आठ दिवसांनी त्याच कथेवरचा २०१६ सालचा नवा चित्रपट दाखवला. चिरंजीव रात्री आईच्या पदराखाली झोपले. इथवर ठीक होते. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आपल्या वहीतले वाघ फाडून टाकले आणि जाहीर केले, “असा वाघ नसतोच. खरा वाघ त्या दुसऱ्या सिनेमातला.” त्याला आता पंधरा दिवस झाले, पेन्सिल बंद आहे. बाई विचारतात, “मी दाखवायला नको होता का? आणि त्याला सांगू तरी काय? दोन्हींतला खरा कोणता?”

दिवाळी अंकाला एरवीपेक्षा दोन पाने जास्त मिळतात. ती या प्रश्नासाठी खर्च करायला मी आनंदाने तयार आहे. कारण हा प्रश्न नाशिकच्या एका घरापुरता उरलेला नाही. गेली दहा-बारा वर्षे हॉलिवुडला एका छंदाने पछाडले आहे. जुना, गाजलेला, पोरांच्या तोंडी बसलेला कार्टूनपट घ्यायचा आणि तो पुन्हा ‘खराखुरा’ करून काढायचा. १९५० ची ‘सिंड्रेला’ २०१५ साली परत आली, १९६७ चा मोगली २०१६ साली, १९९१ ची ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ २०१७ साली. २०१९ साली तर ‘डम्बो’, ‘अल्लादिन’ आणि ‘लायन किंग’ असे तिघे एकाच वर्षात येऊन उभे राहिले. आणि ज्या ‘स्नो व्हाइट’ने १९३७ साली डिस्नेचे नाव जगभर केले, तिलाही २०२५ साली हाडामांसाची होऊन यावे लागले.

यामागचा हिशेब समजायला वाणिज्य शाखेची पदवी नको. ज्या पोराने एके काळी हे चित्रपट डोळे विस्फारून पाहिले, तो आता बाप झाला आहे, आणि पाकीट त्याच्या खिशात आहे. बापाची आठवण आणि मुलाचे तिकीट अशी ही जोडी आहे. नव्या ‘जंगल बुक’ने जगभरातून नव्वद कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला, नव्या ‘लायन किंग’ने एकशे साठ कोटींहून अधिक. एवढ्या पैशापुढे तत्त्वचर्चा करणाऱ्याने जरा हळू आवाजात करावी हे बरे. तरी ती करतो.

प्रथम मोगलीची कुळकथा. ‘खरा कोणता’ असे विचारायचे तर आधी मूळ पाहिले पाहिजे, आणि इथे मूळ आपल्या अंगणातच आहे. रुडयार्ड किपलिंग जन्मला मुंबईत, ३० डिसेंबर १८६५ रोजी. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत होते. माणूस साम्राज्याचा भाट, त्याबद्दल त्याला जे सुनवायचे ते आपल्या लोकांनी सुनवून झाले आहे. पण गोष्ट सांगावी तर त्याने. त्याचे मोगलीचे जंगल म्हणजे शिवनीचे जंगल. नागपूरहून जबलपूरची वाट धरली की मध्ये शिवनी लागते. आपल्या रामटेकच्या बाजूला पेंचचे जे अभयारण्य आहे, त्याचाच पलीकडचा पदर. मोगली ज्या वैनगंगेत डुंबतो, तीच वैनगंगा पुढे आपल्या भंडाऱ्यावरून वाहत जाते. गंमत अशी की हे सगळे किपलिंगने लिहिले ते अमेरिकेत, व्हर्मॉन्टच्या बर्फात बसून, दुसऱ्यांची शिकारवर्णने चाळून. ‘जंगल बुक’ १८९४ साली आले, दुसरा भाग १८९५ साली. म्हणजे अगदी पहिला मोगलीसुद्धा पाहून काढलेला नव्हता. तो मनाने काढलेला होता.

आणखी एक गोष्ट सांगितली तर चिरंजीवांना मोठी मौज वाटेल. मोगली प्रथम छापून आला तो मुलांच्या पुस्तकात नव्हेच. १८९३ सालच्या ‘इन द रुख’ नावाच्या कथेत तो चांगला तरणाबांड गडी आहे, आणि काय करतो? सरकारी जंगलखात्यात नोकरीला लागतो! लांडग्यांत वाढलेला हा वीर पुढे पेन्शनला पात्र होतो. हा ‘मूळ’ मोगली जर कोणी पडद्यावर आणला तर शाळकरी पोरे मध्यंतरातच उठून जातील.

तेव्हा मूळ, मूळ म्हणून कपाळ आपटण्यात अर्थ नाही. वॉल्ट डिस्नेने तर ते मुळीच आपटले नाही. त्याच्या पदरच्या बिल पीट नावाच्या कथाकाराने पुस्तकाला धरून, काहीशी गंभीर आणि काळोखी अशी मांडणी केली होती. डिस्नेला ती रुचली नाही. पीट घर सोडून गेला, आणि पुढच्या लेखकाला डिस्नेने पुस्तक हाती देऊन बजावले म्हणतात की, हे वाचू नकोस! अशी आज्ञा आमच्याकडे कोणी दिली असती तर साहित्य संमेलनात निषेधाचा ठराव झाला असता. पण त्या आज्ञेतून जे निघाले ते पाहा. पुस्तकातला भालू हा जंगलाचा कायदा शिकवणारा पंतोजी आहे, वेळेला पोराला चोपणारा. डिस्नेचा भालू आळशी, खुशालचेंडू, कमरेत नाचणारा. पुस्तकातला का हा अजगर मोगलीचा स्नेही आणि तारणहार. चित्रपटात तो डोळ्यांची चक्रे फिरवून भूल घालू पाहणारा आणि प्रत्येक वेळी फजीत होणारा सोंगाड्या. आणि किंग लुई हा ओरांगउटान तर पुस्तकात नाहीच. तो असायचा कसा? ओरांगउटान सुमात्रा-बोर्निओचा रहिवासी. शिवनीला तो पासपोर्टावाचून येणार कसा? पण लुई प्रिमा नावाच्या जॅझवाल्याने त्याला आवाज दिला आणि तो असा काही गायला की त्याचा पत्ता विचारायचे कोणाला सुचलेच नाही.

हे सगळे खपले याचे कारण ते रेषेत होते. रेषेचा एक धर्म आहे. ती जे वाकवते ते मोडत नाही. रेषेतला भालू दगडावरून आपटतो, चपटा होतो, पुन्हा फुगतो, आणि आपण हसतो. रेषेतल्या शेरखानाच्या शेपटीला मोगली जळती फांदी बांधतो आणि तो ढाण्या वाघ जीव घेऊन पळत सुटतो. थेटरातली पोरे टाळ्या पिटतात. तिथे आग आहे, पण भाजणे नाही. दात आहेत, पण रक्त नाही. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारला, चित्रपट ऑक्टोबर १९६७ मध्ये लागला. त्याच्या स्वतःच्या नजरेखाली तयार झालेला हा शेवटचा लांब व्यंगचित्रपट. शेवटच्या खेपेला म्हाताऱ्याने पोरांसाठी जंगलातली भीती काढून घेतली आणि तिथे गाणे ठेवले. मी तो लहानपणी पाहिला आणि पुढचे कित्येक दिवस घरातल्या खांबाला पाठ घासत हिंडत होतो, एवढीच माझी साक्ष.

आता २०१६ चा मोगली. दिग्दर्शक जॉन फावरो. नील सेठी नावाचा, न्यूयॉर्कात वाढलेला भारतीय वंशाचा दहा-अकरा वर्षांचा पोरगा हजारोंतून निवडलेला. आणि जंगल? वाचकहो, जंगलच नाही! सगळे चित्रण लॉस एंजलीसमध्ये, स्टुडिओच्या बंद छपराखाली. आजूबाजूला निळे पडदे. पायाखाली तेवढी माती, हाताला लागेल तेवढीच फांदी. भालू नाही, बघीरा नाही, कोणी नाही. पोराची नजर योग्य जागी जावी आणि त्याला बोलायला कोणी तरी असावे म्हणून जिम हेन्सनच्या कारखान्यातून आलेल्या बाहुल्या घेऊन माणसे उभी राहात. बाकीचे सगळे नंतर संगणकावर रचलेले.

म्हणजे ज्याला आपण ‘खराखुरा’ म्हणतो त्या चित्रपटात खरे असे एक पोरगे, आणि एक लाल लंगोटी. बाकी पडद्यावरचे पान न् पान काढलेले आहे.

इथेच नाशिकच्या चिरंजीवांची फसगत झाली आहे, आणि ती फसगत होणे हाच त्या कारागिरीचा विजय आहे. कारण तो वाघ कसा झाला हे पाहिले पाहिजे. आधी कोणी तरी त्याचा सांगाडा रचला. मग त्यावर स्नायू चढवले, मग कातडी ओढली, मग कातडीवर केस लावले. केस लावण्याचे काम करणारी माणसे वेगळी असतात. कुठला केस किती लांब, कुठे वळणार, गालावर कसा पिंजारणार आणि ओला झाला की कसा चिकटणार, हे ती ठरवतात. मग तो वाघ चालवणारे दुसरे. ते खऱ्या वाघांच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहतात आणि पंजा टाकताना खांद्याचे हाड कातडीखालून कसे सरकते ते हलवून दाखवतात. मग त्यावर उजेड पाडणारे तिसरे. सेकंदाला चोवीस चित्रे हा सिनेमाचा जुना दर अजून बदललेला नाही, आणि असे एकेक चित्र तयार व्हायला संगणकालाही तासन् तास लागतात. हिंदुस्थानातल्या जंगलांची हजारो छायाचित्रे या लोकांनी घेतली, झाडांच्या सालींची, दगडांची, पालापाचोळ्याची. एमपीसी नावाच्या ज्या कंपनीने यातले बहुतेक काम केले, तिच्या कामाचा मोठा वाटा बंगळूरच्या कचेरीत झाला. २०१७ साली या कारागिरीला ऑस्कर मिळाले.

थोडक्यात, केसाळ वाघ हाही काढलेलाच वाघ आहे. फक्त तो एका माणसाने एका पेन्सिलीने काढलेला नाही, शेकडो माणसांनी मिळून काढला आहे. १९६७ चा शेरखान मिल्ट काल नावाच्या बुजुर्ग चित्रकाराच्या हातचा. २०१६ चा शेरखान अनेकांच्या हातचा, आणि त्यांतले काही हात बंगळूरचे. खरा वाघ दोन्हींत नाही. खरा पाहायचा तर पेंचला जावे, पहाटेची जीप धरावी, आणि बहुधा मोर पाहून परत यावे.

मग प्रश्न उरतो की कागदी वाघाला केस लावल्याने मिळवले काय आणि घालवले काय?

मिळवली ती मुख्यतः भीती. वजन आणि भीती. नव्या चित्रपटात दुष्काळ पडतो, नदी आटते, पाण्यात एक खडक उघडा पडतो आणि जंगलात तह पुकारला जातो. तहानेच्या दिवसांत पाण्यावर कोणी कोणाला मारायचे नाही. हा प्रसंग किपलिंगच्या दुसऱ्या पुस्तकातला, डिस्नेने गाळलेला. हरणाच्या शेजारी लांडगा, लांडग्याच्या शेजारी साळिंदर, सगळे माना घालून पाणी पिताहेत, आणि तेवढ्यात शेरखान येतो. तो काही करीत नाही. नुसता वास घेतो. पण सगळ्या थेटराचे श्वास अडकतात. रेषेतल्या वाघाला हे साधले नसते. तो आला की आपण हसायच्या तयारीने सरसावून बसतो. जंगलाला कायदा का लागतो, हे त्या एका प्रसंगात सात वर्षांच्या पोरालाही न सांगता कळते. कायदा लागतो, कारण दात खरे असतात.

शिवाय आपल्याकडे हिंदीत त्या वाघाला आवाज दिला नाना पाटेकरांनी. १९९३ साली दूरदर्शनवर जपानी कार्टूनचा मोगली दर रविवारी घरोघर येत असे, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल घेऊन. तेव्हाही शेरखानाचा आवाज नानांचाच होता. कागदी वाघ आणि केसाळ वाघ, दोघांच्या घशात मुरूडचा एकच माणूस! ज्यांनी तो आवाज अंधारात ऐकला आहे ते चिरंजीवांना भित्रे म्हणणार नाहीत. आपल्या सेन्सॉर बोर्डानेही या चित्रपटाला ‘यू/ए’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे लहानांनी थोरांच्या सोबतीने पाहावा. त्यावर तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. मला त्या निर्णयात थट्टेसारखे फारसे दिसले नाही. पोराला भीती दाखवू नये असे मी म्हणणार नाही. आमच्या आज्यांनी दाखवलेल्या भुतांची गणती केली तर शेरखान किरकोळ ठरेल. पण आजीची भुते कंदिलाच्या उजेडात येत आणि आजीच्या मांडीला डोके टेकता येत असे. भीती आणि मांडी ही जोडी फोडू नये, एवढेच. नाशिकच्या बाईंनी पदर दिला होता. तेव्हा ‘दाखवायला नको होता का’ याचे उत्तर, दाखवलात ते ठीक केलेत.

घालवले ते मात्र दुसरे. घालवला तो खेळकरपणा. नव्या चित्रपटातही भालू नदीत पालथा— छे, उताणा— पडून गातो आणि मोगली त्याच्या पोटावर बसून वाहत जातो. प्रसंग गोड आहे. पण जरा वेळाने किंग लुई येतो. यांना आता ओरांगउटान चालेना. केस लावायचे तर भूगोलही सांभाळला पाहिजे! म्हणून त्यांनी लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेले एक अजस्र वानर उकरून आणले, घरापेक्षा उंच. त्याला पडक्या देवळाच्या अंधारात बसवले, आणि अंगावर काटा उभा राहिला असताना त्याला गायला लावले, कारण जुन्या चित्रपटात तो गात होता ना! बापाची आठवण चुकायला नको. तिथे माझा जीव अवघडला. दरोडेखोराने सुरा दाखवून मग लावणी म्हणावी तसे झाले. ओरांगउटान शिवनीत कसा हे १९६७ साली कोणी विचारले नाही. २०१६ साली उत्तर दिलेले असूनही मन शंका काढीत राहते. नवलाची गोष्ट अशी की चित्र जितके वास्तवाच्या जवळ जाते, तितकी त्याला मिळणारी सूट कमी होते. पंचतंत्रातला करटक बोलतो, दमनक बोलतो, आपण मान डोलावतो. पण हुबेहूब केसांचा, हुबेहूब नाकाचा कोल्हा तोंड उघडून राजनीती सांगू लागला तर आपण आधी त्याच्या ओठांकडे पाहू.

याच फावरोने २०१९ साली ‘लायन किंग’ केला. तिथे तर त्याने जुन्या चित्रपटातले प्रसंग बहुतेक जसेच्या तसे ठेवले आणि केस मात्र आणखी खरे केले. सबंध चित्रपटात कॅमेऱ्याने खरोखर टिपलेले दृश्य एकच, सुरुवातीच्या सूर्योदयाचे, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. पण सिंहाच्या खऱ्या चेहऱ्याला भुवया कुठल्या? हसायला गाल कुठले? बाप मेलेला छावा रडतो तेव्हा १९९४ च्या रेषेत त्याचे सगळे तोंड कोसळते; २०१९ च्या छाव्याचे तोंड छाव्यासारखेच राहते. आवाज रडतो, चेहरा रडत नाही. माझे मत विचाराल तर कार्टूनला केस लावताना गोष्टही नव्याने रचावी लागते, हे ‘जंगल बुक’ करताना फावरोला अर्धेअधिक उमगले होते, आणि ‘लायन किंग’च्या वेळी त्याने ते बाजूला ठेवले.

हा प्रयोग संगणकाच्या आधीही झालेला आहे. १९८० साली रॉबर्ट ऑल्टमनने ‘पॉपाय’ काढला. रॉबिन विल्यम्सच्या हातांना रबरी फुगीर दंडबाहू चढवले, माल्टा बेटाच्या किनाऱ्यावर सबंध लाकडी गाव उभारले. ते गाव अजून उभे आहे, आणि लोक तिकीट काढून पाहतात. तिथला पॉपाय पालक खायला नाखूष असतो, अगदी शेवटाला खातो! टीकाकार तेव्हा नाके मुरडीत राहिले. मला तो लाडका आहे, कारण तिथे रबर हे रबर म्हणूनच दिसते. ते फसवीत नाही. ‘चला, आपण पॉपाय पॉपाय खेळू’ असे म्हणते.

आणि आपला चिंटू! प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांनी १९९१ पासून ‘सकाळ’च्या पानावर खेळवलेला. २०१२ साली श्रीरंग गोडबोल्यांनी त्याला पडद्यावर आणले, २०१३ साली दुसरा भाग आला. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू सगळी मंडळी चालती-बोलती झाली. तिथे केसांची अडचण नव्हती. वाड्या-सोसायटीतली पोरे ती पोरेच, त्यांना खरे करायला शुभंकर अत्रेसारखा एक गोड पोरगा पुरला. अडचण निराळीच होती. कागदावरचा चिंटू वीस वर्षे झाली तरी तितकाच राहिला. खरा पोरगा राहात नाही. त्याचा आवाज फुटतो, पँट आखूड होते, दहावी येते. कार्टूनला माणूस घातला की त्याच्याबरोबर घड्याळही येते. नील सेठीही आता चांगला विशीतला तरुण आहे. १९६७ चा मोगली अजून भालूच्या पोटावर पाय हलवीत बसला आहे.

घड्याळाचा विषय निघाला म्हणून शेवटांविषयी बोलतो. या दोन चित्रपटांत खरा फरक केसांचा नाहीच, शेवटाचा आहे. जुन्या चित्रपटात मोगली गावाच्या वेशीशी येतो. पाणी भरायला आलेली एक मुलगी त्याच्याकडे पाहून लाजते, हंडा मुद्दाम सांडते, आणि तो तिचा हंडा उचलून गावात निघून जातो. भालू पाहातच राहतो. नव्या चित्रपटात मोगली जातच नाही. त्याला पहिल्यापासून सांगितले जात असते की दोऱ्या, काटक्या, युक्त्या ही माणसाची लक्षणे, लांडग्याच्या पोराला ती शोभत नाहीत. शेवटी त्याच युक्त्यांनी तो शेरखानाला संपवतो आणि जंगलातच राहतो, लांडगा म्हणून नव्हे, माणूस म्हणून. किपलिंगचा मोगली या दोघांहून दुःखी. त्याला लांडगेही हाकलतात आणि गावकरीही दगड मारतात. अखेरीस ऐन वसंतात, जीव तुटत असताना, तो माणसांकडे जातो.

एकच पोर, तीन शेवट. १८९५ सालच्या आईबापांना वाटले, पोराने रडत का होईना, आपल्या जातीत परतावे. १९६७ सालच्यांना वाटले, हसत जावे. २०१६ सालच्यांना वाटते, जाऊच नये. जसा आहेस तसा इथेच राहा. कोणते बरोबर हे सांगायला मी बसलेलो नाही. पण मुलांसाठी काढलेल्या गोष्टीत मुलांपेक्षा त्यांच्या आईबापांचे मन अधिक वाचायला मिळते. आजचा बाप पोराला वेशीपर्यंत नेऊन हात सोडायला तयार नाही. त्याला कदाचित वेशीपलीकडच्या गावाचा भरवसा उरलेला नाही.

आता एक कडू गोष्ट. ज्या एमपीसीने तो केसाळ वाघ घडवला, तिची मालक कंपनी टेक्निकलर २०२५ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. बंगळूरच्या कचेरीला कुलूप लागले आणि हजारो कारागीर काही दिवसांत रस्त्यावर आले. ज्यांनी वाघाच्या अंगावरचा केस न् केस विंचरला, पालापाचोळा रचला, त्यांना जंगलातून हुसकून लावायला शेरखान लागला नाही. चित्रपट जगभर कोट्यवधी डॉलर मिळवतो आणि वाघ काढणाऱ्याचा पगार थकतो, हे गणित मला वाणिज्य शाखेच्या पदवीधरानेही समजावून दिलेले नाही. डिस्नेच्या जुन्या चित्रकारांची नावे आज आपण घेतो, त्यांच्यावर पुस्तके निघतात. या मंडळींची नावे चित्रपटाच्या अखेरीस मुंगीएवढ्या अक्षरांत वर सरकत जातात, आणि तोवर आपण चपला शोधत असतो.

तेव्हा बाई, चिरंजीवांना असे करून पाहा. नवा चित्रपट पुन्हा लावा, पण या खेपेला शेवटून. गोष्ट संपली की बंद करू नका. नावे सरकू लागली की त्यांना मांडीवर घ्या आणि सांगा, “हे बघ, हे सगळे वाघ काढणारे लोक.” ती नावे बराच वेळ संपत नाहीत. त्यांत आपल्यासारखी नावे पुष्कळ आहेत. कुलकर्णी-पाटील सापडतात का ते त्यालाच शोधू द्या. त्याला कळू द्या की तो वाघ आकाशातून पडला नाही, कोणी तरी वहीत वाघ काढणारी पोरेच मोठी होऊन एका जागी बसली होती. आणि फाडलेले कागद केराच्या टोपलीत अजून असतील तर एखादा चिकटवून ठेवा. मिशा कमी-जास्त असल्या तरी चालेल. पेन्सिलीला टोक मात्र आजच करून ठेवा. सुट्टीच्या दिवसांत पोरांचे मन कधी फिरेल याचा नेम नसतो.